विकेंद्रीकरणाला दोष देण्याआधी वेल्सकडे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एक लेख छापला. प्रांतांना आणि शहरांना जास्त अधिकार दिले की देश खिळखिळा होतो, असे त्यात म्हटले होते आणि दाखला ब्रिटनचा होता. १९९९ साली स्कॉटलंडला स्वतःचे पार्लमेंट मिळाले आणि पंधरा वर्षांत ते वेगळे व्हायला निघाले. बोट दिले की हात धरतात, असा एकूण सूर.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सोलापूरच्या पूर्व भागात एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. मुलगी वेल्समधल्या कार्डिफला नर्स आहे. तिच्याकडे राहून आल्यापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत असतो. त्या वाचनाच्या आधाराने सांगतो, लेखकमहाशयांनी हिशेब १९९९ पासून मांडला आणि मागची बाकी पुढे ओढलीच नाही. कारखान्यात अशी वही कुणी माझ्यापुढे ठेवली असती तर मी सही केली नसती.

मागची बाकी आयर्लंडपासून सुरू होते. ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८८६ मध्ये होमरूलचे पहिले विधेयक आणले. डब्लिनमध्ये एक विधिमंडळ असावे, सैन्य आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडेच राहावेत, एवढीच मागणी होती. पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात, कॉमन्समध्ये, ते ३४१ विरुद्ध ३११ मतांनी पडले. १८९३ मध्ये कॉमन्सने दुसरे विधेयक मंजूर केले, तर वरिष्ठ सभागृहातल्या लॉर्ड्सनी ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. तिसऱ्या खेपेला, १९१४ मध्ये, कायदा झाला आणि महायुद्धाचे कारण सांगून त्याच दिवशी स्थगितही झाला. दोन वर्षांनी डब्लिनमध्ये उठाव झाला, लष्करी कायदा लागला आणि पंधरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. शेवटच्या दोघांना १२ मे १९१६ रोजी. (सोलापुरात १२ मे वेगळ्या कारणाने लक्षात आहे. १९३० साली त्याच तारखेला आपल्याकडे मार्शल लॉ लागला आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. सरकार तेच होते.) १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या सिन फेन पक्षाने जिंकल्या. जन्मभर नुसते होमरूल मागणाऱ्या पक्षाकडे तिथे सहा जागा उरल्या. म्हणजे ज्यांनी थोडे मागितले त्यांना तीन वेळा रिकाम्या हाताने परत पाठवले, आणि मग सगळेच मागणारे निवडून आले. आयर्लंडचा मोठा भाग ब्रिटनमधून गेला तो विधिमंडळ मिळाल्यामुळे गेला, असे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?

स्कॉटलंडचेही तसेच. १ मार्च १९७९ रोजी तिथे सार्वमत झाले. ५१.६ टक्के मते विधिमंडळाच्या बाजूने पडली, तरी ते मिळाले नाही. कायद्यात एक दुरुस्ती घुसवली होती की नुसते बहुमत चालणार नाही, एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा. तो भरला ३२.९ टक्के. घरी बसलेला, बाहेरगावी असलेला, इतकेच काय यादीतून नाव काढायचे राहून गेलेला मृत मतदारसुद्धा ‘नको’च्या खात्यात गेला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पंतप्रधान कॅलहन यांचे सरकार एका मताने कोसळले आणि थॅचरबाई आल्या. डोईपट्टीसारखा पोल टॅक्स त्यांनी स्कॉटलंडमध्ये १९८९ ला लावला, इंग्लंडच्या एक वर्ष आधी. स्कॉटिश माणसाने याचा अर्थ काय घ्यायचा तो घेतला. १९९७ च्या निवडणुकीत थॅचरबाईंच्या हुजूर पक्षाला स्कॉटलंडच्या ७२ जागांपैकी एकही मिळाली नाही आणि सप्टेंबरच्या सार्वमतात ७४.३ टक्के लोकांनी पार्लमेंट मागितले.

पण मला जास्त बोलायचे आहे ते वेल्सबद्दल. लेखात त्याचे नावही नाही, आणि सोलापूरकराला सगळ्यात लवकर उमगेल असा भाग तोच आहे.

वेल्सला १९७९ मध्ये विधिमंडळ नको होते. ७९.७ टक्के लोकांनी नाही म्हटले, यात कसली पळवाट नाही. अठरा वर्षांनी त्याच वेल्सने हो म्हटले. जेमतेम, ५०.३ टक्के, अवघ्या ६,७२१ मतांच्या फरकाने, पण हो. आणि २०११ मध्ये विधिमंडळाला पूर्ण कायदे करण्याचा अधिकार द्यायचा का, हे विचारल्यावर ६३.५ टक्के हो. मधल्या काळात काय झाले? १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला, खाणी एकामागून एक बंद झाल्या. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर चाळींमध्ये जी कळा आली ती ज्यांनी पाहिली त्यांना दक्षिण वेल्सची खोरी समजावून सांगायला नकोत. आरोग्य, घरबांधणी, विकास यांवर लंडनने नेमलेली मंडळे बसली. निवडून आलेल्याला विचारावे तर तो म्हणणार, माझ्या हातात नाही.

आणि मंत्री! वेल्ससाठी लंडनच्या मंत्रिमंडळात एक स्वतंत्र मंत्री असतो, १९६४ पासून. १९८७ ते १९९७ या दहा वर्षांत पीटर वॉकर, डेव्हिड हंट, जॉन रेडवूड आणि विल्यम हेग असे चौघे त्या खुर्चीत बसले. चौघेही इंग्लंडमधल्या मतदारसंघांतून निवडून आलेले. वेल्सच्या एकाही मतदाराला त्यांना पाडता येत नव्हते. रेडवूड यांच्यावर १९९३ मध्ये पक्षाच्या परिषदेत वेल्सचे राष्ट्रगीत म्हणायची वेळ आली. शब्द येत नव्हते, म्हणून ते नुसते ओठ हलवत आणि मान डोलवत उभे राहिले, आणि कॅमेऱ्याने ते टिपले. मुलीच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ तीस वर्षांनंतरही त्या मान डोलावण्याची नक्कल करून दाखवतात. त्याहून लागले ते पुढचे. याच रेडवूड यांनी वेल्सच्या वाट्याचे न खर्चलेले १० कोटी पौंड लंडनच्या तिजोरीत परत पाठवले. खाणी बंद, पोरे बेकार, आणि मंत्री बचत दाखवतोय.

२०१९ नंतर आमच्या जिल्ह्याचे पालकमंत्री कधी पुणे जिल्ह्यातले, कधी ठाण्याचे, कधी नगरचे, कधी साताऱ्याचे. पक्ष बदलले तरी हे बदलले नाही. माणसे वाईट होती असे मी म्हणत नाही, काहींनी मनापासून कामही केले असेल. पण अकरा तालुक्यांच्या जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असा माणूस असतो, ज्याला या अकरा तालुक्यांतला एकही मतदार जाब विचारू शकत नाही. हे वाईट वाटले म्हणून सोलापूर महाराष्ट्रातून फुटायला निघालेले नाही. वेल्सही ब्रिटनमधून फुटायला निघाला नव्हता. त्याने आपला माणूस मागितला.

पाण्याचे उदाहरण तर अंगावर येणारे आहे. लिव्हरपूल महापालिकेला पाणी हवे होते म्हणून उत्तर वेल्समधल्या ट्रायवेरिन खोऱ्यात धरण बांधायचे ठरले. १९५७ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने तसा कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी तो झाला. १९६५ मध्ये कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव, शाळा, पोस्ट, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमीसह पाण्याखाली गेले. लिव्हरपूलने माफी मागितली २००५ साली. उजनीतही गावे बुडाली, करमाळ्याची, इंदापूरची. पळसदेवचे देऊळ उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यावर, गेली की अजून वर येते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे दुःख लहान नाही आणि पाणी आम्ही शहरवाले पितो. तरी एक फरक आहे. निर्णय घेणाऱ्या सभागृहात करमाळ्याचा आमदार होता, आणि ज्या राज्याची गावे बुडाली त्याच राज्याची शेते भिजली. वेल्सचे सगळे खासदार एका बाजूला उभे राहिले असते तरी त्यांची बेरीज कधीच पुरली नसती. धरणानंतर वर्षभरात, १९६६ च्या पोटनिवडणुकीत, वेल्सच्या राष्ट्रीय पक्षाचा पहिला खासदार ग्विनफर इव्हान्स निवडून आला तो उगाच नाही.

आता विधिमंडळ आल्यावर काय झाले ते पाहू. देश मोडला का? माझ्या मुलीला कार्डिफमध्ये डॉक्टरने लिहून दिलेली औषधे फुकट मिळतात, २००७ पासून. सेव्हर्न नदीच्या पुलापलीकडे इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे पैसे मोजावे लागतात. दुकानातल्या पिशवीला शुल्क वेल्सने २०११ मध्ये लावले, इंग्लंडने चार वर्षांनी कित्ता गिरवला. सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी स्कॉटलंडने २००६ मध्ये आणली, इंग्लंडने पुढच्या वर्षी. नात शाळेत वेल्श शिकते, सगळ्यांनाच सोळाव्या वर्षापर्यंत शिकावी लागते. माझी नात घरी तेलुगू आणि मराठी, शाळेत इंग्रजी आणि वेल्श बोलते, आणि रग्बीच्या सामन्याला लाल जर्सी घालून इंग्लंड हरावे म्हणून ओरडते. पासपोर्ट ब्रिटिशच आहे.

ओळखीचा हा प्रश्न लेखकाने फार सोपा करून टाकला आहे. एक आकडा देतो, हिशेबनीस म्हणून मला तो फार आवडतो. इंग्लंड-वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत ५७.७ टक्के लोकांनी स्वतःला फक्त ‘इंग्लिश’ म्हटले. २०२१ मध्ये असे म्हणणारे उरले १४.९ टक्के, आणि फक्त ‘ब्रिटिश’ म्हणणारे झाले ५४.८. दहा वर्षांत एवढे मतपरिवर्तन? तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने स्वतःच सांगितले की बहुधा फॉर्ममुळे झाले, ‘ब्रिटिश’ हा पर्याय यादीत सगळ्यात वर नेला होता. वेल्समध्ये ‘वेल्श’ पहिला होता, तिथे ५५.२ टक्के फक्त वेल्श निघाले. ज्या राष्ट्रीय भावनेसाठी माणसे मरतात ती छापखान्यातल्या ओळींच्या क्रमाने हलते, तर तिच्यावर देश फुटण्याची भाकिते कशाला करायची?

मी तेलुगू, पद्मशाली. आजोबा निजामाच्या मुलखातून मागावर कामाला आले, आई विड्या वळायची, माझे शिक्षण मराठीत झाले. दूधवाल्याशी मी कानडीत बोलतो, जॉबरशी उर्दूत. आपल्या जनगणनेत मातृभाषा एक आणि येणाऱ्या इतर भाषा दोनच लिहिता येतात, तेव्हा कोणती गाळायची यावर आमच्या घरी दर वेळी वाद होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट आणि सोलापूरच्या कानडी भागावर हक्क सांगितला. माझ्या गल्लीतल्या कानडी शेजाऱ्यांना कुणी विचारले नाही. ते त्या दिवशी नळाला पाणी कधी येणार यावर बोलत होते.

स्कॉटलंडचे म्हणाल, तर १८ सप्टेंबर २०१४ चे सार्वमत दोन सरकारांनी लेखी करार करून घेतले. ८४.६ टक्के मतदान झाले, ५५.३ टक्क्यांनी राहायचे ठरवले, आणि हरलेल्या बाजूचा मुख्य नेता अ‍ॅलेक्स सॅमंड दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर करून मोकळा झाला. कुठे दगड नाही. हे फुटीचे लक्षण असेल तर आयर्लंडला काय म्हणायचे? पुढे २०१६ ला युरोपीय संघातून बाहेर पडायचे ठरले तेव्हा स्कॉटलंडची ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने होती आणि जखम परत ओली झाली, हे खरेच. लेखकाने तेवढा मुद्दा मांडला असता तर मी गप्प बसलो असतो. इंग्लंडला स्वतःचे विधिमंडळ नाही, पैसे वाटण्याचे सूत्र १९७० च्या दशकात तात्पुरते म्हणून आले ते आजही चालू आहे, अशी त्या व्यवस्थेची बरीच भगदाडे आहेत. पण ती अर्धवट देण्याची भगदाडे आहेत.

माझ्या मते खरे दुखणे वेगळेच आहे, आणि ते आपल्यालाही लागलेले आहे. तिथे दिलेली सत्ता परत घेता येते. स्कॉटलंडचे पार्लमेंट कायमचे आहे, असे २०१६ च्या कायद्यात लिहिले. स्कॉटलंडच्या अखत्यारीतल्या विषयावर लंडन सहसा त्याच्या संमतीशिवाय कायदा करणार नाही, असा संकेतही त्यातच घातला. पुढच्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो संकेत राजकीय आहे, कोर्ट तो पाळायला लावू शकत नाही. थॅचरबाईंनी तर १९८६ मध्ये लंडनची महानगर परिषदच बरखास्त केली. चौदा वर्षे एवढ्या मोठ्या शहराला स्वतःचे सरकार नव्हते.

उत्तर आयर्लंडचे पाहा. तिथले विधिमंडळ जानेवारी २०१७ मध्ये पडले. कारण होते सरकारी अनुदानाची एक योजना: लाकडी गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरला इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त अनुदान मिळायचे, म्हणजे जितके जाळाल तितके कमवाल. (हा हिशेब कुणी केला असेल, त्याला मला भेटायचे आहे.) त्यानंतर तीन वर्षे मंत्रीच नव्हते, सचिव कारभार हाकत होते. सप्टेंबर २०१७ मध्ये एका खात्याच्या सचिवाने बेलफास्टजवळ मॅलस्क इथे कचरा जाळण्याच्या २४ कोटी पौंडांच्या प्रकल्पाला परवानगी दिली. स्थानिक रहिवासी कोर्टात गेले. मे २०१८ मध्ये हायकोर्टाने परवानगी रद्द केली. एवढा मोठा निर्णय लोकांना उत्तर देणाऱ्या मंत्र्याशिवाय घेण्याचा अधिकार अधिकाऱ्याला नाही, असे म्हटले. अपिलातही तेच कायम झाले. लंडनला त्यासाठी नवा कायदा करावा लागला.

आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. राज्यघटनेच्या कलम २४३-यू मध्ये पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक, असे स्पष्ट लिहिले आहे. ब्रिटनकडे लेखी घटना नाही म्हणून आपण हसतो. आपल्याकडे लेखी असून सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये मुदत घालून द्यावी लागली, आणि तीही पुढे सरकली. जवळपास चार वर्षे सर्वसाधारण सभा नव्हती, स्थायी समिती नव्हती. दोघांचेही अधिकार प्रशासकाकडे, आणि प्रशासक म्हणजे आयुक्तच. म्हणजे प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच. ६ एप्रिल १९३० रोजी ज्या गावच्या नगरपालिकेने इंग्रजांच्या नाकावर टिच्चून इमारतीवर तिरंगा फडकवला, त्या गावात या चार वर्षांत फारशी आरडाओरड झाली नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, महापालिका शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसते, मग नगरसेवक असले काय नि नसले काय, असे लोक चौकात बोलायचे. मला हे फुटीरपणापेक्षा जास्त काळजीचे वाटते. बेलफास्टच्या लोकांना रिकामी खुर्ची खटकली आणि ते कोर्टात गेले.

माझ्या माहितीत कुठल्या प्रशासकाने गैर केले असे नाही, आणि तसा माझा आरोपही नाही. पण त्या काळात एकट्याच्या सहीने झालेल्या ठरावांची यादी असणारच: कोणत्या तारखेचा, कशाचा, किती रकमेचा, किती वर्षांच्या कराराचा. आपल्या वार्ताहरांनी माहितीच्या अधिकारात ती मागवावी आणि चार रविवार पुरवणीत ओळीने छापावी. नव्या सभागृहातल्या सदस्यांनी त्यातले कोणते ठराव परत चर्चेला घेतले, तेही शेजारच्या रकान्यात द्यावे. वाचायला मदत लागली तर मी कन्ना चौकात रोज सकाळी चहाला असतो.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
पूर्व भाग, सोलापूर